चिनारामागची खिडकी

“रडणाऱ्या बाळंतिणीची काळजी करू नकोस. जी एकदम शांत झाली, तिच्याकडे लक्ष ठेव.”

मावशीने हे भाचीला सांगितलं तेव्हा भाचीला आठवा महिना चालू होता आणि उशाशी तीन जाडजूड पुस्तकं होती. मावशीचं उभं आयुष्य प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलेलं. निवृत्त झाली तरी हात रिकामा बसायला तयार नाही, म्हणून जुन्या मऊ चादरी फाडून ती येणाऱ्या बाळासाठी दुपटी शिवत होती. भाचीने पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, मावशी, हे सगळं आता लिहिलेलं असतं गं, लक्षणांसकट. मावशीने दाताने दोरा तोडला.

“असेल. पण पुस्तक काही जिना चढून बघायला जात नाही.”

त्यावर ती हसली आणि पान उलटलं. विषय तिथेच संपला.

बाळ झालं आणि ती रडली. गळक्या नळासारखी, वेळकाळ न बघता. एकदा दूध उतू गेलं म्हणून रडली, आणि नवऱ्याने जाऊन पाहिलं तर गॅस पेटवलेलाच नव्हता. मग हळूहळू नळ बंद झाला, पण दोन गोष्टी अंगाला चिकटून राहिल्या. एक म्हणजे कान. बाळ शेजारच्या खोलीत गाढ झोपलेलं असलं तरी तिला रडणं ऐकू यायचं. आंघोळीच्या पाण्यात, पंख्याच्या घरघरीत. दुसरी म्हणजे डुलणं. उभी राहिली की ती आपोआप या पायावरून त्या पायावर झुलायला लागायची, कडेवर बाळ असो वा नसो. दुकानाच्या रांगेत पिठाची पिशवी कडेवर घेऊन डुलत होती, तेव्हा मागची बाई म्हणाली होती, “झोपली का पिशवी?”

आठ महिन्यांत तिचं जग एवढंसं झालं होतं. बाळाचं रडणं जिथपर्यंत ऐकू येईल, तिथे त्याची वेस. त्यापलीकडे जायचं म्हणजे सासूबाईंना सांगून, दूध काढून ठेवून, घड्याळ आणि फोन दोन्ही मुठीत धरून. सासूबाई वाईट नव्हत्या. जिभेला धार होती, एवढंच. बाळाला त्या ‘साहेब’ म्हणायच्या आणि हिला साहेबांची अव्वल कारकून.

अशात तिला काम आलं. वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन ती फोटोग्राफीत शिरली होती, आणि झाडांचे फोटो म्हटलं की एका प्रकाशकाला तिचीच आठवण व्हायची. गावाबाहेरच्या जुन्या किल्ल्यातल्या बागेवर आणि तिथल्या म्हाताऱ्या झाडांवर चित्रांचं पुस्तक निघणार होतं. अट एकच: कुठल्याही फोटोत माणूस दिसता कामा नये.

आता त्या बागेत माणूस नाही असा क्षण शोधायचा म्हणजे बाजारात शांतता शोधण्यासारखं. पण तिच्याकडे जुनी युक्ती होती. भिंगावर काळी काच चढवायची, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा आणि त्याचा पडदा तीन-चार मिनिटं उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात चालती-फिरती माणसं एका जागी ठरतच नाहीत, म्हणून फोटोत उमटतही नाहीत. आली, गेली, पुसली गेली. जागचं जे हलत नाही तेवढंच उरतं: भिंत, खोड, दगड.

किल्ल्याची देखरेख करणाऱ्या तरुण माणसाला सगळे किल्लेदार म्हणत, आणि तोही गंभीरपणे ‘ओ’ देई. कमरेला चाव्यांचा जुडगा. माणूस वळणावरून दिसायच्या आधी त्याचा खुळखुळाट पोचायचा. बोलका होता, मदतीला तत्पर होता. तिकाटणं त्याने स्वतः उचलून घेतलं आणि वाटेत सगळी बाग दाखवली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले वाफे, कात्रीने भिंतीसारखी छाटलेली झुडपं, कोरडा पडलेला पाटाचा दगडी मार्ग, आणि पोटात पोकळी पडलेलं तुतीचं झाड, ज्यात लपंडाव खेळणारी पोरं दर रविवारी अडकत.

शेवटी बुरुजाला लागून उभा असलेला चिनार. सगळ्या बागेत थोरला. चार माणसांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही असं खोड, आणि त्या खोडात कमरेच्या उंचीवर रुतलेलं एक लोखंडी कडं. रोप लहान असताना गुरांनी खाऊ नये म्हणून कुणीतरी कडं घातलं आणि काढायचं विसरलं, असं किल्लेदाराने सांगितलं. झाड वाढत गेलं, सालीने लोखंड गिळलं. आता एकीकडे वीतभर तेवढं दिसतं. काढायचं म्हटलं तर झाडच कापावं लागेल.

“जपायलाच घातलं होतं हो,” तो म्हणाला, जणू त्या विसरलेल्या माणसाची बाजू मांडत होता.

बुरुजातच त्याचं घर होतं, चिनाराच्या वरच्या फांद्यांच्या पातळीवर. बायको आणि अडीच महिन्यांची मुलगी वरच असतात, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. तिला वाटलं, काय नशीब. खिडकी उघडली की चिनार. तळाच्या दाराला मात्र मोठं जुनं कुलूप होतं, बाहेरून. दाराच्या फटीतून दिसलं, आत जिन्याच्या पायथ्याशी नवीकोरी बाबागाडी उभी होती आणि तिच्यात किल्ल्याच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे झोपले होते. गोल जिना इतका अरुंद होता की गाडी वर जात नव्हती.

कुलूप कशाला, असं तिने विचारलं. तर म्हणे एकदा एक कुटुंब फिरत फिरत थेट त्याच्या स्वयंपाकघरात पोचलं आणि त्याच्या बायकोला विचारू लागलं, ही चूल त्या काळचीच का? तेव्हापासून दार बंद. चावी एकच, त्याच्या कमरेला.

“आणि त्यांना खाली यायचं असेल तर?”

“फोन करते की. मी येऊन उघडतो. पण तिला कुठं यायचंय, ताई? लोक तिकीट काढून जे बघायला येतात, ते तिला खिडकीतून फुकट.”

तो हसला. तीही हसली. सकाळची तिरपी उन्हं सरकत होती आणि दुसऱ्याच्या घराच्या कुलपाचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

तिने तिकाटणं रोवलं, काळी काच चढवली आणि पडदा उघडला. मग कॅमेऱ्यापासून लांब जाऊन उभी राहिली, कारण तिचं डुलणं सुरू झालं की मऊ जमीन हलेल अशी तिला धास्ती. समोरून शाळेची सहल गेली, एक जोडपं खोडाला हात लावून गेलं. सगळे पुसले जाणार होते. वारा पडला होता.

आणि तिला बाळ रडताना ऐकू आलं.

लांबून, जाड काचेआडून यावं तसं. छातीत दूध भरून आलं, कुडता ओला झाला. तिने घाईघाईने घरी फोन लावला.

“रडतोय का?”

“साहेब ढाराढूर झोपलेत,” सासूबाई म्हणाल्या. “आता तुझ्या फोनने उठतील ती गोष्ट वेगळी.”

तिने फोन ठेवला. रडणं चालूच होतं. पुन्हा कान वाजताहेत, तिने स्वतःला बजावलं, आठ महिने झाले तरी सुटका नाही. ओढणी छातीवर घट्ट ओढून घेतली, दुसरा फोटो लावला, मग तिसरा. रडणं थांबलं नाही आणि तिने मान वर केली नाही. तिची नजर खोडावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला छातीशी बांधून ती उंच टेबलापाशी उभी होती. बसली की साहेब जागे होत, म्हणून आजकाल कॉम्प्युटरवरची सगळी कामं उभ्यानेच. पडद्यावर चिनार उघडला. फोटो सुरेख आले होते. सहल नाही, जोडपं नाही. खोडाच्या सालीचे पापुद्रे, रुतलेलं कडं, बुरुजाचा दगड न् दगड. फांद्या नीट तपासाव्या म्हणून तिने चित्र मोठं केलं, आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात, मागच्या खिडकीत, एक पुतळा दिसला.

पुतळा? प्रकाशकाने आधी पाठवलेला तिथलाच फोटो तिने काढून बघितला. खिडकी रिकामी. तिने चित्र आणखी मोठं केलं. बाई होती. चौकटीला कपाळ टेकून उभी. केसातला भांगसुद्धा स्पष्ट. आणि तिच्या हातांवर, छातीशी, एक पांढरा फराटा. ओल्या बोटाने काहीतरी पुसावं तसा.

दुसरा फोटो. तीच बाई, तिथेच, तेच कपाळ तिथेच टेकलेलं. फराटा थोडा पसरट. तिसरा फोटो. तसंच.

फराटा म्हणजे काय ते कळायला तिला वेळ लागला. ते बाळ होतं. हातपाय झाडत होतं, मान फेकत होतं, म्हणून पुसलं गेलं होतं. काल ऐकू आलेलं रडणं कानातलं नव्हतं, खिडकीतलं होतं. बाळ एवढा वेळ जिवाच्या आकांताने हलत होतं आणि आई हलली नव्हती. भिंत, खोड, दगड, आणि ती.

तिने खाली पाहिलं. तिचे स्वतःचे पाय या फरशीवरून त्या फरशीवर झुलत होते. तिला न विचारता, कधीपासून कोण जाणे. रडतं बाळ हातात असताना न डुलणं तिला जमलंच नसतं. पापणी न लववण्याइतकं अवघड होतं ते.

तिने किल्लेदाराला फोन लावला. कसं विचारावं कळेना, म्हणून वहिनी बऱ्या आहेत ना, असंच विचारलं. मागे लोकांचा गलबला होता. तो प्रसन्न आवाजात म्हणाला, “एकदम बरी. सुरुवातीला फार रडायची हो ताई, मी घाबरलो होतो. आता नाव नाही. आता अगदी शांत झालीय.”

आत्ता वर जाऊन बघता का, असं तिने म्हटलं. पाहुण्यांचा मोठा गट आलाय, तो म्हणाला, संध्याकाळी किल्ला बंद झाला की जाईनच. काही काम होतं का तिच्याकडे?

तिने मावशीला फोन केला आणि फोटोचं सगळं सांगितलं. मावशीने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, “हे मला सांगून काय होणार? मी इथून जिना चढू शकते का? तू चढ. आणि पोहोचलीस की मला लाव, मी तोवर डॉक्टरीणबाईंना गाठते.”

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तिला वाटलं आता ऐकावं लागणार. लोकांच्या संसारात नाक खुपसू नये, नवराबायको बघून घेतील, साहेबांची दुधाची वेळ झालीय. सासूबाईंनी पडद्यावरच्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. मग वळून चपला घातल्या.

“तू गाडी चालव. साहेबांना घेऊन मी मागे बसते.”

वाटेत त्या एकदाच बोलल्या, तेही खिडकीबाहेर बघत. “माझ्या वेळी जिना चढून कुणी आलं नव्हतं.” तिने आरशात पाहिलं. साहेब आजीच्या मांडीवर तिची बांगडी चावत होते.

वाटभर तिच्या मनात एकच: दार उघडेल ना? खरं सांगितलं तर किल्लेदार दुखावेल, वाद घालेल, आणि चावी त्याच्या कमरेला. म्हणून तिने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सरळ खोटं बोलली. प्रकाशकाला चिनाराचा माथा वरून हवाय, तुमच्या खिडकीतून, आणि उजेड आत्ताच चांगला आहे. किल्लेदाराने गटाला बाकावर बसवलं, जुडग्यातून चावी शोधली. ती सापडायला एवढा वेळ लागत होता की तिला जुडगा हिसकावून घ्यावासा वाटला.

जिना खरंच अरुंद होता. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. मागून साहेबांना कडेवर घेऊन सासूबाई चढत होत्या. मधेच उजेड संपला आणि वरून रडणं यायला लागलं, घोगरं, दमलेलं.

खोली चकचकीत होती. इतकी की त्यात बाळ राहतं यावर विश्वास बसू नये. दुपटी कडेला कड जुळवून रचलेली. ताटाखाली झाकलेलं सकाळचं जेवण तसंच. मधोमध गादीवर बाळ पालथं पडून रडत होतं, आणि त्याची आई खिडकीशी उभी होती, कपाळ चौकटीला टेकून. ती वळली आणि “या” म्हणाली. पाहुणे आले की म्हणतात तसंच.

किल्लेदार मागून हौसेने ओळख करून देऊ लागला. पाहुणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीच्या कडीकडे पाहत होती. कडीला दुपट्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, मुठीएवढा गोळा झाला होता.

“वारा लागतो म्हणून तिनेच बांधलंय,” किल्लेदार म्हणाला.

तिने बाळ उचललं. ते खांद्यावर येताच पाय आपसूक झुलायला लागले. त्या झुलण्याकडे किल्लेदारीण बघत राहिली, विसरलेलं गाणं कुणी गुणगुणताना ऐकावं तशी.

“तुम्हाला येतं ते,” ती म्हणाली.

“तुम्हालाही येत असेल.”

“मी हलत नाही.” आवाज अगदी सपाट होता. “हलले तर हात कडीकडे जाईल, असं वाटतं. मुलगी हातात असताना तर मी मुळीच हलत नाही.”

चाव्यांचा आवाज थांबला. किल्लेदाराने जुडगा मुठीत आवळून धरला होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण सासूबाईंनी साहेबांना त्याच्या हातात दिलं आणि त्याला बाजूला केलं. गुडघ्यांवर हात रेटत त्या खाली गादीवर बसल्या, आणि शेजारची जागा थोपटली. किल्लेदारीण आली आणि बसली. मग तिने त्या अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि विचारलं, “खाली जायचं का?”

“जायचं ना,” सासूबाई म्हणाल्या. “दार उघडंच आहे.”

मावशीने डॉक्टरीणबाईंना गाठून ठेवलं होतं. त्या संध्याकाळीच त्यांनी तिला तपासलं. हा आजार आहे, तो बरा होतो, आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही, हे त्यांनी किल्लेदाराला समजावलं. तो दवाखान्याच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, “मला वाटलं, शांत झाली म्हणजे बरी झाली.” त्याला दोष देणं सोपं होतं. पण ती स्वतः त्या झाडाखाली अख्खी सकाळ उभी होती आणि तिने मान वर केली नव्हती.

किल्लेदारीण काही महिने बहिणीकडे राहिली. औषधं चालू झाली. परत आली तेव्हा बुरुजाच्या दाराचं कुलूप निघालं होतं आणि कडी आतून बसली होती; बाहेर ‘खाजगी’ अशी पाटी, जी वाचून लोक अजूनही आत डोकावत. खिडकीला गज लागले, तेही तिनेच सांगून. माहितीपत्रकं दुसरीकडे गेली. सगळं छान झालं असं नाही. काही दिवस ती खाली उतरते, काही दिवस नाही. नाही उतरली की आता बागेतली तिकीटवालीसुद्धा वर जाऊन हाक मारते.

पानं तांबूस झाली तेव्हा तिने चिनाराचा फोटो पुन्हा काढला, त्याच जागेवरून. वरची खिडकी रिकामी होती. किल्लेदारीण खाली होती, बाबागाडी ढकलत झाडाभोवती फेऱ्या मारत. मुलगी झोपेना म्हणून पाचोळ्यातून चाकं करकरवत गोल, परत गोल. पडदा उघडा होता तेवढा सारा वेळ ती भिंगासमोरच होती. फोटोत तिचा मागमूसही नाही.

प्रकाशक खूश झाला. कुठेच माणूस नाही, म्हणाला. पण शेवटच्या पानावर चिनाराखाली तिने जो मजकूर दिला, त्यावरून मात्र दोघांची बरीच वादावादी झाली. झाडांच्या पुस्तकात हे कशाला, असं त्याचं म्हणणं. तिने फोटो मागे घेण्याची भाषा केली, तेव्हा मजकूर छापला गेला. तो असा:

‘या फोटोत एक बाई आणि तिची मुलगी आहे. त्या चालत होत्या म्हणून दिसत नाहीत. पुस्तक मिटण्याआधी वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीत, नात्यात, जिन्यावर एखादी बाळंतीण असेल आणि ती आता अगदी शांत आहे असं तुम्ही कुणाकडून ऐकलं असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. आज तिच्याकडे जा. काहीतरी निमित्त काढा, खोटं चालेल. जिना चढा, बाळ स्वतःकडे घ्या, आणि ती काय म्हणते ते ऐकल्याशिवाय खाली उतरू नका.’